खाट की घर? मद्रासचा एक प्रयोग

क्षयरोग्यास गावाबाहेर, कोरड्या मोकळ्या हवेत नेऊन ठेवावे, ही रीत हिंदुस्थानात मिशनऱ्यांनी रुजविली. अजमेरजवळ तिलोनिया येथे १९०६ साली असे पहिले आरोग्यधाम उघडले. विश्रांती, दूध, अंडी आणि उघड्या खिडक्या हीच तेथील औषधे. पुढे स्ट्रेप्टोमायसीन, पास आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. तरीही रोग्याची जागा आरोग्यधामातच, ही समजूत टिकून राहिली. रोगी लाखांनी व खाटा मात्र काही हजार! उरलेल्यांनी कोठे जावे?

या प्रश्नाचा निकाल अनुभवाने लावावा म्हणून १९५६ साली मद्रासला क्षयचिकित्सा केंद्र निघाले. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख होते. थुंकीत जंतू आढळलेले शहरातील १९३ गरीब रोगी घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. औषध दोघांनाही तेच, वर्षभर. एका गटास आरोग्यधामाची शय्या व सकस अन्न मिळाले. दुसरा आपल्या दाटीच्या बिऱ्हाडातच राहिला. अन्न अपुरे, विश्रांती बेताची. त्यांनी गोळ्या घेतल्या की नाही, हे पाहण्यासाठी कर्मचारी न कळविता घरी जात आणि लघवीची तपासणी करीत. अविश्वास म्हणा हवे तर. पण बरे वाटू लागताच औषध सोडणारे रोगी काही थोडे नसतात.

वर्षअखेर आरोग्यधामातील शेकडा ९२ व घरातील शेकडा ८६ रोग्यांचा रोग शांत झालेला आढळला. पाच वर्षांनी तर दोन्ही गटांत दहांतील सुमारे नऊ जण बरे होते. अनेकांना खरी धास्ती वाटत होती ती मुलाबाळांची. पण घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबांत नव्या रोग्यांचे प्रमाण अधिक दिसले नाही. घरच्यांना लागण व्हावयाची ती बहुतांशी निदानापूर्वीच, उपचाराविना खोकत राहिलेल्या दिवसांत झालेली असे. उलट, आरोग्यधामातूनच पुष्कळ जण उपचार अर्धवट टाकून निघून गेले. पोराबाळांपासून वर्षभर दूर राहणे कोणास जमते?

याच अनुभवातून मद्रासला पुढे, आठवड्यातून दोनदा, कर्मचाऱ्यासमक्ष औषध देण्याचे प्रयोग झाले. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने तालुक्या-जिल्ह्यांच्या साध्या दवाखान्यांतून घरगुती उपचाराचीच वाट धरली.