जिना चढणारा कंडक्टर आणि दिवसभर राबणारी बाई



व्यायामाचा विषय काढला की गटाच्या बैठकीत एक ठरलेलं उत्तर येतं. “आम्हाला कशाला व्यायाम? पहाटे पाचला उठायचं, रात्री दहाला पाठ टेकायची. शेण, पाणी, भाकरी, खुरपणी. ज्यांना बसून खायला मिळतं त्यांनी करावा.” या बोलण्यात खोटं काही नाही. राबणाऱ्या बाईला आणखी राबायला सांगणं हा शहाणपणा नव्हे. तरीही आपल्याच गावात चाळिशी ओलांडलेल्या बायकांना बीपीच्या गोळ्या आहेत, साखर आहे, गुडघे धरलेले आहेत. राबणं म्हणजेच व्यायाम असता, तर असं का झालं असतं? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर थोडं लांब जावं लागेल. सत्तर-पंचाहत्तर वर्षं मागे, आणि थेट लंडनला.

लंडनमध्ये दुमजली लाल बस धावतात. मुंबईला गेलेल्या बायकांनी बेस्टची दुमजली गाडी पाहिली असेल, तशीच. त्या काळी प्रत्येक गाडीवर दोन माणसं असायची. एक चालक, तो पाळीभर आपल्या जागेवर बसून. दुसरा कंडक्टर, तो तिकिटं फाडत खाली-वर, खाली-वर. दोघं एकाच डेपोतले, पगारात फार फरक नाही, राहणारे साधारण सारख्याच वस्तीत.

महायुद्ध संपल्यानंतरचा तो काळ. इंग्लंडमध्ये मध्यमवयीन पुरुषांना हृदयविकाराचे झटके फार येऊ लागले होते आणि कारण नीट कळत नव्हतं. हृदयाला विश्रांती द्यावी असाच तेव्हाच्या डॉक्टरांचा सल्ला. झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे अंथरुणावरून हलू देत नसत. हालचाल हेच औषध असेल, असं कुणी म्हणालं असतं तर लोक हसले असते.

जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर होते. युद्धाच्या काळात लष्करी डॉक्टर म्हणून ते हिंदुस्थानातही राहून गेले होते. त्यांना वाटलं, माणसाच्या कामाचा आणि या आजाराचा काही संबंध असावा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक खात्यातल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या. कंडक्टर रोज किती पायऱ्या चढतो तेही मोजलं. दिवसाला पाचशे ते साडेसातशे! १९५३ साली हे सगळं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. झाला तरी उशिरा व्हायचा, आणि झटक्यानंतर लगेच दगावणाऱ्यांचं प्रमाणही कंडक्टरांत सुमारे निम्मंच होतं.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, अहो, चालकाच्या डोक्याला ताप किती, रस्ता सांभाळायचा, माणसं सांभाळायची, त्यानेच त्याचं हृदय बिघडलं असेल. मॉरिस यांच्या मनातही तीच शंका होती. म्हणून त्यांनी टपाल खातं घेतलं. एकीकडे पायी आणि सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन, दुसरीकडे टेबलाशी बसणारे कारकून. तिथे रस्त्याची धास्ती कुणालाच नव्हती. तरी फिरणारे पोस्टमन बसणाऱ्या कारकुनांपेक्षा निरोगी निघाले.

पुढची गंमत मला फार आवडते. बस कंपनी कामगारांना गणवेश शिवून द्यायची, त्यामुळे विजारीच्या कमरेची मापं वहीत लिहिलेली होती. संशोधकांनी त्या शिंप्याच्या वह्या मागवल्या! चालकांच्या कमरा रुंद निघाल्या, अगदी तरुण चालकांच्यासुद्धा. म्हणजे जाड माणसं आधीपासूनच बसण्याच्या कामाकडे जात असावीत, असा नवा पेच पडला. पण नुसत्या सडपातळ माणसांची तुलना केली तरी कंडक्टर बरा, आणि नुसत्या जाड माणसांची केली तरी कंडक्टरच बरा. अंगकाठी कशीही असो, पाय चालले की हृदयाला फायदा होतो, हे १९५६ साली शिंप्याच्या वहीतून कळलं. वजन काही घटेना म्हणून आठ दिवसांत चालणं सोडून देणाऱ्या बायका मी पाहते, तेव्हा मला या विजारी आठवतात.

मॉरिस यांच्या पुढच्या कामातून निघालेली एक गोष्ट आपल्याला चांगलीच लागू पडते. सुमारे १७ हजार सरकारी अधिकाऱ्यांना त्यांनी विचारलं, शुक्रवारी आणि शनिवारी तुम्ही नेमकं काय काय केलंत? ही माणसं दिवसभर खुर्चीत बसणारी. त्यांच्यातले जे फावल्या वेळात दम लागेल असं काही करत, त्यांना हृदयविकार कमी होता. तरुणपणी मैदान गाजवलेल्या, पण नंतर सगळं सोडून दिलेल्यांना मात्र त्या जुन्या खेळाचा काही उपयोग झाला नव्हता. अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तिथेही हेच दिसलं. शाळेत आपण खो-खोत पहिल्या यायचो, लंगडीत कुणाला ऐकायचो नाही. लग्न झालं आणि ते सगळं माहेरी राहिलं. शरीर असली शिल्लक सांभाळून ठेवत नाही. गटात दर महिन्याला पैसे भरतो, तसं इथे दर आठवड्याला भरावं लागतं.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल, या गोष्टीत बाई कुठेच नाही. चालक पुरुष, कंडक्टर पुरुष, पोस्टमन पुरुष, साहेबही पुरुषच. हृदयविकार हा बाप्यांचा आजार, असंच कितीतरी वर्षं धरून चालले होते. बायकांच्या चालण्याचा मोठा हिशेब झाला तो अमेरिकेतल्या नर्सबाईंमुळे. ४० ते ६५ वयाच्या ७२ हजारांवर नर्सेसच्या नोंदी १९८६पासून काही वर्षं ठेवल्या गेल्या, आणि १९९९ साली निष्कर्ष छापून आले. आठवड्यात तीन तास किंवा जास्त भरभर चालणाऱ्या बायकांना हृदयविकाराचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. त्यांना ना यंत्रं लागली ना मैदान. चालणं पुरलं.

आता येऊ आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे. कंडक्टरला तर कामातूनच फायदा झाला. मग आपल्याला आपल्या कामातून का होऊ नये?

अलीकडच्या काळात डेन्मार्कमधले आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नामागे लागले आहेत. फावल्या वेळात केलेली हालचाल हृदयाला बळ देते, पण कष्टाच्या कामातली हालचाल तसा फायदा देतेच असं नाही, उलट जड कामाने काही वेळा धोका वाढतो, असं त्यांना आढळलं. पुरुषांच्या बाबतीत हे जास्त स्पष्ट दिसलं आहे. त्याचं कारण ते सांगतात ते आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. भरभर चालताना पायांचे मोठे स्नायू लयीत हलतात, थोडा वेळ हृदय जोरात धावतं आणि मग त्याला विसावा मिळतो. खुरपताना बाई तासन् तास वाकलेली असते. कंबर आणि मान एकाच जागी ताठ, फक्त मनगट चालतं. डोक्यावर हंडा असला की मान आवळलेली. थांबायचं कधी हे मुकादम ठरवतो, सूर्य ठरवतो, घरातली भूक ठरवते. रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो आणि शरीराची झीज भरून यायला सवड मिळत नाही. कंडक्टरचं काम वेगळं होतं. तो चढत होता, उतरत होता, मध्ये थांब्यावर उभाही राहत होता.

शिवाय सगळ्या बायका काही आता शेतात नाहीत. कुणी शिलाई मशीनवर बसते, कुणी पापड लाटते, कुणी ग्रामपंचायतीत संगणकापुढे बसते. दारात नळ आला, मिक्सर आला, लेकाच्या मोटारसायकलवर मागे बसून बाजार होतो. हे चांगलंच झालं, हंड्यासाठी कुणी रडू नये. पण मशीनवर बसणारी आपली मैत्रीण आता त्या बसचालकाच्या जागी आहे. खुरपणारीचं दुखणं वेगळं, शिवणारीचं वेगळं. मोकळेपणाने पाय उचलून चालायला मात्र दोघींनाही मिळत नाही.

जात्याचंही असंच झालं. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांची मोठी सुटका झाली, जातं परत यावं असं कुणी म्हणू नये. खांदे भरून यायचे, हाताला घट्टे पडायचे. पण दळताना समोरासमोर दोघी बसायच्या आणि ओव्या म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगाव फिरून या ओव्या गोळा करवल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. सासरचा जाच, भावाची माया, मेलेलं लेकरू, विठोबाशी भांडण, सगळं त्यात आहे. दिवसभरात तोंडावर न आणलेलं दुःख त्या पहाटे बाहेर पडायचं. कष्ट गेले ते बरं झालं. त्याबरोबर सखीशेजारी बसून मन मोकळं करायची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरं काही आलं नाही. फुगडी आणि झिम्मा उरले ते पंचमीपुरते आणि मंगळागौरीपुरते.

मनाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. १९९९ सालीच अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथल यांनी नैराश्याचा आजार असलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या १५६ जणांचे तीन गट केले. एका गटाला औषध दिलं, एकाला आठवड्यातून तीनदा सर्वांबरोबर व्यायाम, आणि एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा होती. औषधाचा गुण लवकर दिसायला लागला, एवढा फरक. म्हणून कुणी डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पण ‘काही करावंसंच वाटत नाही’, ‘रात्री झोप लागत नाही’ असं म्हणणारी बाई गटात असेल, तर तिला उपदेश करत बसण्यापेक्षा संध्याकाळी तिच्या दारात जाऊन ‘चल गं’ म्हणणं जास्त उपयोगाचं.

आता खरी अडचण. वेळ कुठून आणायचा? २०१९ साली सरकारने देशभर पाहणी केली, कोण दिवसाची किती मिनिटं कशात घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बाईची तेव्हा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. म्हणजे पाच तास विरुद्ध दीड तास, आणि ज्या घरात पुरुष काहीच करत नाही ती घरं या दीड तासाच्या हिशेबात आलेलीच नाहीत. मला विचाराल तर बाईच्या व्यायामाचा प्रश्न अर्धा तिथेच अडलेला आहे. अर्धा तास हवा असेल तर तो कुणाच्या तरी हातात खराटा किंवा ताटं-वाट्या देऊनच मिळेल. हे घरात बोलावं लागेल. एकटीने बोललं की ‘फिरायला जायचं म्हणे हिला’ असं ऐकावं लागतं. दहाजणी मिळून निघाल्या की गाव चार दिवस बघतं आणि पाचव्या दिवशी बघायचं सोडतं.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये सांगितलं आहे, मोठ्या माणसाने आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारं काही करावं. शेतातली-घरातली हालचालही संघटना मोजते. तेव्हा रोज दोन मैल भरभर चालत शेतावर जाणारीने आपलं चालणं जमेस धरावं. अर्धा तास सलग मिळाला नाही तर दहा-दहा मिनिटं, पाच-पाच मिनिटंही चालतील. चालण्याचा वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण ओवी म्हणता येऊ नये, इतपत भरभर. स्नायूंसाठी सूर्यनमस्कार आपल्याकडचेच. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी ते शाळाशाळांतून घालायला लावले होते. गुडघे दुखत असतील तर भिंतीला हात टेकून रेटणं, खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, एवढंही चालतं. दिवसभर वाकून आलेलीने मात्र आणखी वाकायचं व्यायाम करू नयेत. तिने उभं राहून हात वर ताणावेत, खांदे मागे घ्यावेत आणि सपाट रस्त्याने चालावं.

ज्यांना बीपी, साखर किंवा हृदयाचं दुखणं आहे, ज्या गरोदर आहेत किंवा नुकत्याच बाळंत झाल्या आहेत, त्यांनी आधी आशाताईंशी किंवा डॉक्टरांशी बोलून घ्यावं. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणारीने उपाशीपोटी निघू नये, पदराला गुळाचा खडा बांधून घ्यावा. पायात चप्पल अंगठ्याची नको, मागे पट्टा असलेली हवी. आणि चालताना छातीत दाब वाटला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, दरदरून घाम फुटला, तर ‘पित्त झालं असेल’ म्हणत घरी येऊन झोपू नये. तिथेच थांबावं, सोबतच्या बाईने १०८ला फोन लावावा.