धोकादायक घरांची भाडेवसुली (नाशिक)

राहण्यास अयोग्य किंवा बेकायदा घर भाड्याने देऊन पैसे घेत राहायचे आणि अंगावर काही येऊ द्यायचे नाही, हा प्रकार नाशकात मुख्यतः दोन ठिकाणी आढळतो: जुन्या नाशकातील मोडकळीस आलेल्या वाड्यांत आणि सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींभोवतीच्या विनापरवाना खोल्यांत.

वाड्यांचे दुखणे जुने आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली. मालकाला डागडुजी परवडेना आणि हक्क जाईल या भीतीने भाडेकरू हलेना. पावसाचे पाणी मातीच्या भिंतीत मुरते, तुळईचे भिंतीतले टोक कुजते आणि एखाद्या रात्री माळवद खाली येते. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १४ दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकते. मालकाने ती केली नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय आहे. पण एका वर्षात वार्षिक भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. महिना पन्नास रुपये भाडे असेल, तर वर्षाला दीडशे रुपये हाती येतात. त्यात सिमेंटची एक गोणीही येत नाही. महापालिका दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली घर उतरवण्याच्या नोटिसा बजावते. पुढे वाडा पडलाच, तर ‘आम्ही कळवले होते’ एवढे सांगायला ती नोटीस उपयोगी पडते. वाडा पडला की मालकाला प्रत्यक्षात जागा मोकळी मिळते, हे खरे तर या साऱ्या दिरंगाईचे मूळ आहे.

औद्योगिक वसाहतींभोवती गोष्ट वेगळी. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडायचे, बिगरशेती परवाना न घेता दहा बाय दहाच्या खोल्यांची रांग उभी करायची. वर पत्रा, संडास सामाईक, भाडे रोख, पावती नाही. भाडेकरू बहुतेक कंत्राटी कामगार. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५२ नुसार विनापरवाना बांधकामाबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र हा गुन्हा बांधण्याचा आहे, भाडे खाण्याचा नाही. सातबारा एकाच्या नावावर, बांधणारा दुसरा, दरमहा वसुलीला येणारा तिसरा असला की गुन्हा कोणावर हाच वाद होतो. मग स्थगिती, मग नियमितीकरणाची वाट. खोल्या लोकांनी भरलेल्या असल्या की पाडकामही अडते. ठाण्याजवळ शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये इमारत पुरी होण्याआधीच लोक राहायला आणले गेले होते. ४ एप्रिल २०१३ रोजी ती कोसळून ७४ जण मेले.

अशा भाडेखाऊंसाठी कायदाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पोलीस ज्याला एमपीडीए म्हणतात त्या १९८१ च्या कायद्याच्या नावातल्या यादीत पहिला झोपडपट्टीदादाच आहे, आणि बळकावलेल्या जमिनीवर बेकायदा खोल्या बांधून भाड्याने देणारा त्याच्या व्याख्येत बसतो. त्याला वर्षभर स्थानबद्ध करता येते. प्रत्यक्षात हा कायदा मुख्यतः सराईत गुंड आणि हातभट्टीवाले यांच्यावर चालवला जातो. ही कायद्याची उणीव नव्हे, इच्छेची आहे.

भाडेकरूच्या बाजूने दोन गोष्टी भक्कम आहेत. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकराराची नोंदणी करून घेणे मालकाचे काम आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. दुसरे, इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी प्रकरणात दिला. म्हणून धोकादायक वाडा सोडताना जीव आधी वाचवावा, पण खोलीचे क्षेत्रफळ महापालिकेकडून मोजून घेऊन तसा लेखी दाखला हाती ठेवावा.