निलगिरीवरचा ठपका

कॅनडाच्या पश्चिमेकडील व्हँकुव्हर बेटावर १९९९ पासून माणसं, कुत्री, मांजरं, लामा, इतकंच काय, किनाऱ्यालगतच्या समुद्रातले पॉरपॉइजही एकाच रोगाने दगावू लागले. कारण होतं क्रिप्टोकॉकस गॅटी नावाचं यीस्ट. ते श्वासावाटे फुप्फुसात शिरतं आणि पुढे मेंदूपर्यंत पोचतं. तोवर हा रोग उष्ण प्रदेशातला समजला जाई. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात एलिस आणि फायफर या संशोधकांना हे यीस्ट निलगिरीच्या झाडांवर सापडलं होतं. पुढे कोआलांच्या नाकातही ते आढळलं. मग निलगिरी जगभर गेली आणि तिच्या पाठोपाठ रोगही गेला, अशी समजूत रूढ झाली. व्हँकुव्हरपुरती तरी ही समजूत टिकत नाही, असं मला वाटतं; आणि तिला छेद देणारा पुरावा त्या यीस्टच्या जनुकांतच आहे.

हे यीस्ट ओळखण्यासाठी प्राण्याच्या नाकातून फिरवलेला बोळा कारळ्यांच्या अर्काच्या थरावर घासतात. आपण चटणीला घेतो तेच कारळे. बाकीची बहुतेक यीस्ट त्यावर पांढरट राहतात, क्रिप्टोकॉकस मात्र तपकिरी होतं. बेटावरच्या करड्या खारींच्या नाकातही ते असं सापडलं. पण ही झाली नुसती ओळख. वंशावळ कळते ती जनुकं वाचल्यावर. बेटावरचे बहुतेक नमुने ‘व्हीजी-२ए’ या एकाच उपप्रकाराचे आणि एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळणारे निघाले. उलट ॲमेझॉनच्या जंगलाकडच्या नमुन्यांत ‘व्हीजी-२’ या मूळ प्रकाराचं भरपूर वैविध्य आहे. वंश जिथे दीर्घकाळ नांदतो तिथे त्याला फाटे फुटतात. चार दिवसांपूर्वी आलेल्याला ते कुठून फुटणार? शिवाय ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीवर एलिस-फायफर यांना मिळालेलं यीस्ट ‘व्हीजी-१’ होतं. म्हणजे घराणंच वेगळं.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. ‘व्हीजी-२ए’चा एक नमुना सॅन फ्रान्सिस्कोतल्या निलगिरीवरच मिळाला आहे. पण झाडावर सापडणं आणि झाडाबरोबर येणं यांत फरक आहे. बेटावर हेच यीस्ट डग्लस फर आणि आल्डर या तिथल्याच झाडांवर राहतं. बेटावरचा दुसरा, कमी आढळणारा ‘व्हीजी-२बी’ ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांशी जुळतो, हे मात्र मान्य करायला हवं. तेवढ्यापुरता निलगिरीवरचा संशय उरतो. तिसरा आक्षेप असा की हे यीस्ट बहुतांशी जोडीदाराविनाच वाढतं, तेव्हा सारखेपणा असणारच. त्यावरून नवखेपणा कसा ठरवायचा? पण अशा वंशातही काळाबरोबर जनुकांत बारीक बदल साचत जातात. ते मोजून संशोधकांनी उत्तर अमेरिकेच्या या किनाऱ्यावरचं आगमन सुमारे ६० ते १०० वर्षांपूर्वीचं ठरवलं. म्हणजे १९९९ ही आगमनाची तारीख नव्हेच. सिॲटलमधल्या एका रुग्णाच्या थुंकीत हेच यीस्ट १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मिळालं होतं.

मग ते आलं कसं? पनामा कालवा १९१४ मध्ये खुला झाला आणि ब्राझीलच्या बंदरांतून या किनाऱ्याकडे येणारी वाट आखूड झाली. तोल सांभाळायला जहाजं टाक्यांत बंदरातलं पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात ओततात. एंगेलथालर आणि कासादेवाल या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलं की यीस्ट अशा पाण्यातून आलं आणि १९६४ च्या अलास्का भूकंपाच्या त्सुनामीने ते किनाऱ्यावरच्या जंगलात नेऊन टाकलं. कालव्याचा भाग मला पटतो. त्सुनामीचा भाग आकर्षक असला तरी अजून तर्कच आहे: लाट आणि साथ यांच्यामधली ३५ वर्षं यीस्ट मातीत रुळत होतं, हे म्हणायला सोपं, दाखवायला कठीण. पण निलगिरीच्या कथेपेक्षा जहाजाची कथा पुराव्याला अधिक धरून आहे. जहाजांच्या या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये लागू झाला. त्यात माणसाच्या आरोग्यासाठी कॉलऱ्याचा जंतू आणि आतड्यातले दोन प्रकारचे जीवाणू मोजायला सांगितले आहेत. यीस्ट त्या यादीत नाही.