क्वॉर्टरबॅकची उमेदवारी

अमेरिकन फुटबॉलमध्ये चालीच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो व तिचा पुढील मार्ग जो ठरवितो, त्या खेळाडूस क्वॉर्टरबॅक म्हणतात. चेंडू फेकण्यापूर्वी त्याला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात व तेवढ्यात प्रतिपक्षाची व्यूहरचना ओळखावी लागते. महाविद्यालयीन खेळातून हे कौशल्य पूर्णांशाने येत नाही. नवोदितास त्यासाठी किती अवधी द्यावा, हा व्यावसायिक संघांपुढील जुना प्रश्न होय.

चेंडू पुढे फेकण्यास १९०६ साली मुभा मिळाली. तथापि क्वॉर्टरबॅकला आधुनिक महत्त्व आले ते ‘टी’ रचनेमुळे. १९४० च्या अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सने वॉशिंग्टनचा ७३–० असा पराभव केला, तो याच रचनेच्या बळावर. त्यांचा क्वॉर्टरबॅक सिड लकमन कोलंबिया विद्यापीठात निराळ्या रचनेत खेळलेला असल्याने त्यास हे काम नव्याने शिकावे लागले होते.

टेरी ब्रॅडशॉ याचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. १९७० च्या खेळाडूनिवडीत पिट्सबर्गने त्याला सर्वप्रथम निवडले. पहिल्या हंगामात त्याच्या फेकींवर केवळ ६ टचडाउन झाले. उलट २४ फेकी प्रतिपक्षाने हवेतच हस्तगत केल्या. १९७४ च्या आरंभी तर त्याची जागा जो गिलियम याला देण्यात आली. त्याच हंगामाच्या अखेरीस मात्र ब्रॅडशॉने सुपर बोल जिंकला व पुढे आणखी तीन जिंकले. प्रशिक्षक चक नोल यांचा संयम येथे निर्विवाद दिसतो. पण त्या काळी दुसऱ्या संघाकडे जाण्याची मोकळीक खेळाडूंना फारशी नव्हती, त्यामुळे थांबणे संघाला परवडत असे, हेही विसरता येत नाही.

१९९३ च्या करारान्वये ती मोकळीक मिळाली आणि १९९४ पासून संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आली. २०१० मध्ये प्रथम निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा होता. नवोदितांचे वेतन २०११ मध्ये नियंत्रित झाल्यावर कॅम न्यूटन याला चार वर्षांसाठी सुमारे २.२ कोटी डॉलर मिळाले. अशा स्वस्त वर्षांत वाचलेला पैसा इतर खेळाडूंवर खर्चता येत असल्याने नवोदितास लगेच मैदानात उतरविण्याचा मोह वाढला. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचे पाचवे वर्ष राखावयाचे की नाही, हेही तिसऱ्या हंगामानंतरच ठरवावे लागते.

ग्रीन बे संघाने या घाईस अपवाद केला. ॲरन रॉजर्स २००५ पासून तीन हंगाम ब्रेट फार्व्हच्या मागे राखीव होता. जॉर्डन लव्ह २०२० पासून तितकाच काळ रॉजर्सच्या मागे राहिला. कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सने २०१७ च्या साखळीत एकच सामना खेळून पुढील हंगामात ५० टचडाउन-फेकी केल्या. मात्र केवळ बाकावर बसविणे म्हणजे शिक्षण नव्हे. पेटन मॅनिंगने १९९८ मध्ये २८ फेकी गमावल्या, त्याचा संघ १३ सामने हरला. पुढील वर्षी तेवढेच सामने त्याने जिंकले. याउलट ह्यूस्टनच्या नव्या संघात डेव्हिड कार याला २००२ मध्ये पुरेसे संरक्षणच लाभले नाही. चेंडू फेकण्याआधीच तो ७६ वेळा पाडला गेला.

सॅम डार्नल्ड याला न्यूयॉर्क जेट्सने २०१८ मध्ये निवडले व तीन हंगामांनंतर सोडून दिले. २०२४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मिनेसोटाकडून खेळताना त्याने साखळीतील १४ सामने जिंकले.