जर्मन नौदल संघाची स्थानिक शाखा : समुद्रापासून दूर रुजलेले आरमारप्रेम

प्रस्तावना

पहिल्या महायुद्धाच्या कारणांमध्ये ‘ब्रिटन आणि जर्मनी यांच्यातील आरमारी स्पर्धा’ हा मुद्दा तुम्ही वाचला असेल. त्यात कैसर दुसरा विल्हेल्म, अॅडमिरल टिर्पिट्झ आणि ‘ड्रेडनॉट’ युद्धनौका यांची नावे हमखास येतात. पण एक प्रश्न बहुधा सुटून जातो. युद्धनौका कराच्या पैशातून बांधल्या जात आणि त्या खर्चाला जर्मन संसदेची, म्हणजे राइशटागची, मंजुरी लागे. राइशटाग तर सर्व प्रौढ पुरुषांच्या मतदानाने निवडली जाई. मग ज्यांनी समुद्र कधी पाहिलाही नव्हता, अशा गावांतील लोक आरमारासाठी उत्साहाने पुढे का आले?

याचे उत्तर बर्लिनच्या कचेऱ्यांत पूर्णपणे सापडत नाही. त्यासाठी आपल्याला लहान शहरातील एका सभागृहात जावे लागेल. या पाठात आपण ‘डॉयचर फ्लोटनफेराइन’, म्हणजे जर्मन नौदल संघ, आणि त्याच्या स्थानिक शाखांचे काम पाहणार आहोत.

स्थापनेची पार्श्वभूमी

टिर्पिट्झ १८९७ मध्ये नौदल खात्याचा प्रमुख झाला. त्याने आपल्या खात्यात प्रचारासाठी स्वतंत्र वृत्त विभाग उघडला. मार्च १८९८ मध्ये राइशटागने पहिला नौदल कायदा संमत केला. त्यात १९ मोठ्या युद्धनौकांची तरतूद होती. त्यानंतर लगेच, ३० एप्रिल १८९८ रोजी, नौदल संघाची स्थापना झाली. त्यामागे क्रुप यांच्यासारख्या पोलाद उद्योजकांचा पैसा होता. चिलखती पत्रे आणि तोफा हाच त्यांचा व्यवसाय असल्याने टीका होणे साहजिक होते. क्रुपशी संबंध असलेल्या श्वाइनबुर्ग या पत्रकाराला संघाचे चिटणीसपद १८९९ मध्ये सोडावे लागले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने युद्धनौकांची संख्या ३८ पर्यंत वाढवली आणि संघाचे जाळे देशभर पसरू लागले.

स्थानिक शाखा काय करीत असे?

संघाची रचना सरकारी प्रशासनासारखी होती : प्रांत, जिल्हा आणि गाव. शाखेच्या अध्यक्षपदी बहुधा नगराध्यक्ष, जिल्ह्याचा प्रशासकीय अधिकारी किंवा निवृत्त लष्करी अधिकारी असे. कामाचा भार मात्र शिक्षक, व्यापारी आणि कारकून वाहत. वार्षिक वर्गणी किमान ५० फेनिग, म्हणजे अर्धा मार्क होती. त्यामुळे साध्या नोकरदारालाही सभासद होणे जड जात नसे.

शाखेचे कार्यक्रम ढोबळमानाने पुढीलप्रमाणे होते.

१. व्याख्याने : मॅजिक लँटर्नच्या साहाय्याने युद्धनौका, बंदरे आणि वसाहती यांची चित्रे पडद्यावर दाखवली जात. पुढे हलत्या चित्रांचे खेळही होऊ लागले. अनेक गावांत लोकांनी पहिला चित्रपट पाहिला तो अशाच कार्यक्रमात.

२. मासिक : ‘डी फ्लोटे’ हे संघाचे मासिक सभासदांच्या घरोघरी जाई. त्याच्या लाखो प्रती निघत.

३. सहली : शिक्षक आणि विद्यार्थी यांना कील, विल्हेल्म्सहाफेन यांसारख्या बंदरांत नेऊन प्रत्यक्ष युद्धनौका दाखवल्या जात.

४. उत्सव : संगीत, भोजन, नाच आणि शेवटी आरमाराविषयी भाषण. १९०५ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र नौदल संघटनाही निघाली.

या यादीत राजकारण कुठे आहे, असे तुम्हाला वाटेल. नेमके हेच समजून घेतले पाहिजे. शाखेने आरमार हा वादाचा विषय न ठेवता संध्याकाळच्या करमणुकीचा आणि सामाजिक प्रतिष्ठेचा भाग बनवला. नगराध्यक्ष, मुख्याध्यापक आणि दुकानदार एकाच रांगेत बसून जहाजांची चित्रे पाहत. अशा ठिकाणी खर्चाविषयी प्रश्न विचारणारा माणूस आपोआप एकटा पडे.

आरमारच का?

जर्मनीचे एकीकरण १८७१ मध्ये झाले, तरी सैन्य पूर्णपणे एकजीव नव्हते. बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेम्बर्ग यांच्या स्वतंत्र तुकड्या होत्या. शिवाय वरिष्ठ सेनाधिकारी बहुतांशी सरदार घराण्यांतील असत. नौदल मात्र आरंभापासून साम्राज्याचे, म्हणजे सर्व जर्मनांचे होते आणि त्याच्या अधिकारी वर्गात मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुलांना अधिक वाव होता. हलक्या क्रूझर नौकांना शहरांची नावे दिली जात. लाइपझिग, न्यूर्नबर्ग, ड्रेस्डेन, म्युनिक ही शहरे समुद्रापासून दूर आहेत; तरी त्यांच्या नावाची जहाजे समुद्रात फिरत होती. आपल्या शहराचे नाव धारण केलेले जहाज नागरिकांना आपले वाटणे स्वाभाविक होते.

सरकारच्या हातून सुटलेला लगाम

सरकारने ज्या संघटनेला हात दिला, ती सदैव सरकारच्या आज्ञेत राहिली असे मात्र नाही. निवृत्त जनरल आउगुस्ट काइम यांच्या प्रभावाखाली संघ टिर्पिट्झपेक्षाही अधिक आणि अधिक वेगाने जहाजे मागू लागला. टिर्पिट्झला संसदेचा आणि ब्रिटनचा विचार करून पावले टाकायची होती. संघाच्या सभांना असे बंधन नव्हते. १९०७ च्या निवडणुकीत संघाने कॅथलिकांच्या सेंटर पक्षाविरुद्ध आणि समाजवाद्यांविरुद्ध उघड प्रचार केला. त्यामुळे कॅथलिकबहुल बव्हेरियातील सभासद दुखावले आणि तेथील शाखांचे आश्रयदाते राजपुत्र रुप्रेख्त यांनी पद सोडले. १९०८ मध्ये काइम यांनाही बाजूला व्हावे लागले आणि अॅडमिरल क्योस्टर अध्यक्ष झाले. मात्र त्याच वर्षीच्या दुरुस्तीने युद्धनौका बदलण्याची मुदत २५ वर्षांवरून २० वर्षांवर आली. नौकांची बांधणी वेगाने व्हावी हीच संघाची मागणी होती.

आकडे वाचताना घ्यायची काळजी

महायुद्धाच्या सुमारास संघाचे १० लाखांहून अधिक सभासद असल्याचे सांगितले जाते. पण यातील वैयक्तिक सभासद सुमारे ३ लाखांच्या थोडे वर होते. उरलेले ‘सामूहिक’ सभासद होते. एखादे गायन मंडळ किंवा माजी सैनिकांची संघटना संघाला जोडली गेली, की तिचे सारे सदस्य मोजले जात. उलट बाजूही लक्षात ठेवा. नौदलवाढीला विरोध करणारा समाजवादी पक्ष १९१२ च्या निवडणुकीत सुमारे एक तृतीयांश मते मिळवून राइशटागमधील सर्वांत मोठा पक्ष झाला. म्हणजे सभागृहातील टाळ्या हा संपूर्ण देशाचा आवाज नव्हता. कामगारवस्तीत या शाखांना फारसे स्थान नव्हते.

इतिहासकारांची मते

एकार्ट केर यांनी १९३० मध्ये मांडले की, नौदल उभारणीमागे उद्योगपती आणि जमीनदार यांचे हितसंबंध होते. हान्स-उलरिख वेलर यांनी १९७० च्या दशकात हाच विचार पुढे नेला : देशांतर्गत असंतोषावरून लक्ष वळवण्यासाठी वरून राष्ट्रवाद पेरला गेला. १९८० मध्ये जेफ एली यांनी वेगळी बाजू मांडली. त्यांच्या मते, जुन्या पुढाऱ्यांना कंटाळलेल्या मध्यमवर्गाने अशा संघटनांतून स्वतःचे राजकारण उभे केले. ते केवळ कोणाच्या हातचे बाहुले नव्हते.

स्थानिक शाखेकडे पाहिले तर दोन्ही मतांना आधार मिळतो. अध्यक्षाच्या खुर्चीवर सरकारी अधिकारी दिसतो, पण वर्गणी गोळा करणारा शिक्षक स्वखुशीने आलेला असतो.

परिणाम

या उत्साहाची किंमत सर्वांनी मोजली. आरमाराच्या खर्चासाठी १९०२ मध्ये फेसाळ वाइनवर लावलेला कर जर्मनीत आजही आहे. ब्रिटनमध्येही अशीच ‘नेव्ही लीग’ होती आणि १९०९ मध्ये तेथील जनमताने आठ ड्रेडनॉट नौकांचा आग्रह धरला. दोन्हीकडच्या सभा एकमेकींना इंधन पुरवत होत्या.

युद्धात मात्र जर्मनीच्या महागड्या युद्धनौका बराच काळ बंदरातच राहिल्या. भारतीयांना जर्मन आरमार दिसले ते एका हलक्या क्रूझरच्या रूपात. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एमडेन’ने मद्रासवर तोफा डागल्या आणि बंदरातील तेलाच्या टाक्या पेटल्या. ‘एमडन’ हा शब्द तमिळ आणि मल्याळम बोलण्यात आजही वापरला जातो. १९१८ च्या शरद ऋतूत अखेरच्या लढाईचा हुकूम मानण्यास जर्मन खलाशांनीच नकार दिला. कीलमध्ये उठाव झाला आणि त्यातून सम्राटाची सत्ता कोसळली. ज्या बंदरात शाळकरी मुलांना सहलीला नेले जाई, त्याच बंदरात हे घडले.

समारोप

नौदल संघाच्या शाखेत सक्ती नव्हती; वर्गणी अल्प होती आणि कार्यक्रम आनंदाचे होते. म्हणूनच तिचा प्रभाव खोल गेला. शस्त्रस्पर्धेचा अभ्यास करताना केवळ मंत्री आणि कारखानदार पाहू नका. पडद्यावरील जहाजाचे चित्र पाहून टाळ्या वाजवणारा सामान्य सभासदही त्या इतिहासाचा भाग आहे.

विचारार्थ प्रश्न

१. समुद्रापासून दूरच्या शहरांत नौदल संघ लोकप्रिय का झाला? कारणे सांगा.
२. केर आणि एली यांच्या मतांची तुलना करा. तुम्हाला कोणते मत अधिक पटते आणि का?
३. एखाद्या संघटनेच्या सभासदसंख्येवरून जनमताचा अंदाज घेताना कोणत्या गोष्टी तपासाल?