अंगणवाडीतले अंगण



‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ हा हुकूम ज्याने लहानपणी ऐकला नाही असा मनुष्य आपल्या सभेत बहुधा सापडणार नाही. आम्हीही तो ऐकला आणि मुकाट्याने पाळला. परंतु शाळा सुटली की श्रीवर्धनच्या वाडीतले अंगण आमचे होते. पोफळीची झावळी गळून पडली की धाकट्याला तिच्या विरीवर बसवावे आणि थोरल्याने ओढत न्यावे, लंगडी घालावी, समुद्रावर जाऊन लाटेशी शिवाशिवी खेळावी. व्यायाम हा शब्द आम्हांस ठाऊक नव्हता, आणि त्यावाचून काही अडतही नव्हते. आज तीन वर्षांचे मूल दिवसाचे काही तास अंगणवाडीत किंवा बालवर्गात असते. घरचे अंगण जे काम न बोलता करीत होते, ते आता त्या जागेकडे आले आहे. ती जागा ते करते काय, हा आजचा प्रश्न आहे.

मुलाला शिकवायचे म्हणजे आधी बसवायचे, ही समजूत जुनी आहे. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेत मुले धुळाक्षरे गिरवीत. चुळबुळ केली तर छडी ठरलेली. युरोपातही प्रकार फारसा निराळा नव्हता. ह्या समजुतीला मोठा धक्का दिला तो फ्रोबेलने. १८३७ साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांच्या खेळांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. पुढे १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी कामकऱ्यांच्या मुलांसाठी बालगृह उघडले. तेथे मुले झाडलोट करीत, पाणी ओतीत, सामान उचलून नेत. जमिनीवर एक रेघ आखलेली असे आणि तिच्यावरून तोल सांभाळत चालणे हाही शिक्षणाचाच भाग असे. हात-पाय चालल्यावाचून बुद्धी चालत नाही, हे त्या पद्धतीचे सार होय.

हा विचार महाराष्ट्रात आला तो बऱ्याच अंशी गुजरातच्या वाटेने. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभे केले. परंतु शहरात चालणारी ही पद्धत खर्चाची होती. खेड्यातल्या मुलाचे काय, ह्या प्रश्नाने ताराबाईंना स्वस्थ बसू दिले नाही. १९४५ साली त्या बोर्डीस आल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी हे आपल्या गावासारखेच समुद्रकाठचे गाव. विकतच्या साधनांची जागा तेथे शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. जे आपल्या पायाखाली पडलेले असते, त्यावर एक शिक्षणपद्धती उभी राहिली!

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले बालवाडीत येत ना, तेव्हा ह्या बाईंनी बालवाडीच पाड्यावर नेली आणि कोणाच्या तरी अंगणात मांडली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. आदिवासी मुलाला पळायला शिकवावे लागत नव्हते. ते आधीच झाडावर चढत होते. त्याला उणीव होती ती अन्नाची, स्वच्छतेची आणि आपुलकीने बोलणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची. ह्या दोघींचे मोठेपण असे की, जे नव्हते ते देताना जे होते ते त्यांनी हिरावून घेतले नाही. आकाशाखाली, हालत्या अंगाने, गाण्यांतून आणि खेळांतून शिकणे चालू राहिले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि शाळापूर्व शिक्षण यांचा लाभ लक्षावधी मुलांस झाला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण शब्दाबरोबर अंगण गेले काय? मुलाचे पोषण वजनकाट्यावर दिसते. पळण्याला काटा नाही, म्हणून ते नजरेआड होते.

मागे एका गावी आम्ही व्याख्यानासाठी गेलो होतो. जवळच्या खोलीत वीस-पंचवीस मुले हाताची घडी घालून बसली होती. ताई एकटी, एक डोळा नोंदवहीवर, एक मुलांवर. ‘बाहेर का सोडीत नाही?’ असे आम्ही विचारले. तिने नुसते अंगणाकडे बोट दाखविले. तेथे सभेला आलेल्यांच्या मोटारसायकली उभ्या होत्या, आणि त्यांत आमचीही एक होती. त्या दिवशी आम्ही काय बोललो ते आता आठवत नाही. ते बोट मात्र आठवते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसातून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, त्यांतील किमान ६० मिनिटे तरी दम लागेल अशी असावीत, आणि त्याला एका वेळी तासाहून अधिक जखडून बसवू नये. कोसबाडच्या अंगणाला हे मिनिटे न मोजता कळले होते. आपण मात्र मुलाला घरी आल्यावर विचारतो, ‘आज काय लिहिलेस?’ ‘आज किती धावलास?’ असे कोण विचारतो?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आपल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. नवी रोपे लावून वाडी पुन्हा उभी करता येते. वर्षे लागतात, पण येते. तीन ते सहा ही मुलाची वर्षे मात्र पुन्हा लावता येत नाहीत. म्हणून घरी जाताना आपल्या आळीतल्या अंगणवाडीचे अंगण एकवार पाहावे. तेथे काही उभे केले असेल तर हलवावे, कुंपण मोडले असेल तर बांधावे, ताईच्या मदतीला पाळीपाळीने एकेकाने तासभर जावे. साधने म्हणाल तर एक दोरी, चार करवंट्या आणि जमिनीवर चुन्याची एक रेघ पुरे. पुढचे मुलांना ठाऊक आहे.