लोकनेतृत्व, कर्जत-खालापूर

रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांतील निर्वाचित पुढारीपण आणि ते घडविणाऱ्या रूढी. गावचा कारभार पूर्वी वतनदार पाटलाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहत असे. १९६२ च्या मे महिन्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, त्याच वर्षाच्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली, आणि जन्माने मिळणारा मान मते मागून मिळविण्याची पाळी आली. जुन्या कारभाराची आठवण काढून हळहळणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ठाकूर-कातकऱ्यांच्या वाडीतला माणूस पाटलाच्या ओसरीवर क्वचितच चढे.

या टापूत पुढाऱ्याचे माप म्हणून आजही विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल (१९१२–१९४३) यांचेच नाव घेतले जाते. माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेले हे वकील तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. परंतु लोक त्यांना ओळखत ते सावकाराच्या दाराशी जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी काढलेल्या धान्यकोठ्यांमुळे आणि खेडोपाडी चालविलेल्या शाळांमुळे. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभारला, वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह ते पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. पाटीलकीच्या रीतीने असा माणूस कधीच पुढे आला नसता, आणि आजच्या रीतीने येईल की नाही, हीच शंका आहे.

सरपंच मतदारांनी थेट निवडावा की सदस्यांनी आपल्यातून, याविषयी राज्याचे मत अल्पावधीत तीनदा फिरले : २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांकडे आल्या, त्यांच्या पाठोपाठ ‘सरपंचपती’ हा शब्दही आला. ‘बिनविरोध’ निवडणूक हे एकेकाळी गावाच्या एकोप्याचे भूषण समजले जाई. नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे मात्र सरपंचपदाची बोली दोन कोटी पाच लाखांवर गेल्याचे उघडकीस आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये ती निवडणूकच रद्द केली. कर्जत-खालापुरात लिलावाची गरज नाही. द्रुतगती मार्ग झाल्यापासून येथील भातखाचरांची फार्महाउसे होत आहेत, आणि ज्याला सात-बारा वाचता येतो व गिऱ्हाईक आणता येते, त्याच्या अंगणात माणसे आपोआप जमतात.

माणूस पारखण्याची हक्काची जागा म्हणजे ग्रामसभा. तिला एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतील कमी असेल तितकी उपस्थिती लागते. नोटीस फळ्यावर लागते, शिपाई दवंडी देतो, शाळेच्या पडवीत सतरंजी अंथरली जाते. अकरा वाजेतो वीस-पंचवीस डोकी जमतात, त्यांतले काही सही करून कारखान्याच्या पाळीला निघून जातात, आणि ग्रामपंचायत अधिकारी इतिवृत्तात ‘गणपूर्तीअभावी तहकूब’ असे लिहून वही मिटतो. तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधन नसते, त्यामुळे वर्षाचे ठराव बहुधा तेथेच, पाच-दहा ओळखीच्या माणसांत, मंजूर होतात. मतदानाला रांगा लावणारे हेच गाव पुढची पाच वर्षे निवडलेल्या माणसाला हिशेब विचारायला फिरकत नाही. नेतृत्व बिघडते ते येथे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वरच्या पायरीवर अंतर आणखी वाढते. २००८ च्या पुनर्रचनेपासून लोकसभेसाठी हे तालुके मावळ मतदारसंघात, म्हणजे घाटापलीकडच्या पिंपरी-चिंचवडच्या दाट वस्तीबरोबर, जोडलेले आहेत. विधानसभेसाठी कर्जत मतदारसंघ असला, तरी खालापूरचा चौक परिसर उरणकडे गेला आहे. त्याच परिसरातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. दर निवडणुकीला मते देणाऱ्या या ठाकूरवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हते.